माझ्यावरचं पाहून हसलात

मी भाऊरावांच्या ओसरीतला फळा बोलतोय. गोड बोलायची मला सवय नाही, आणि आज तशी इच्छाही नाही.

मी शाळेतला नाही. रसमड्याच्या एका कारखान्यात शेडच्या दारासाठी लोखंडी पत्रा कापला, त्यात माझा जन्म झाला. कापताना माझा एक कोपरा दुमडला आणि मला भंगारात टाकलं. तिथून भाऊरावांनी मला सायकलवर आडवा बांधून कॅम्प-1 या कामगार वस्तीतल्या आपल्या घरी आणलं. सँडपेपरनं घासलं, काळा रंग दिला आणि रंग वाळल्यावर हलक्या हातानं पुन्हा घासलं, कारण गुळगुळीत पत्र्यावर खडू घसरतो. दुमडलेला कोपरा हातोडीनं सरळ करायचा प्रयत्न केला. तो आजही पूर्ण सरळ नाही.

भाऊराव मूळचे वर्ध्याकडचे, नोकरीसाठी या हिंदी मुलखात आलेले आणि इथल्या स्टील प्लांटमधून रिटायर झालेले. ड्युटीच्या रजिस्टरात त्यांनी सगळी नोकरी इंग्रजीत लिहिलं, पण वरच्या ओळीत पाहून. वरच्याचं खाली उतरवायचं. रिटायर झाल्यावर वरची ओळच राहिली नाही. बँकेत, दवाखान्यात पेन हातात धरून ते नुसते उभे राहू लागले. शेवटी त्यांनी आपल्या सुनेला, आम्रपालीला सांगितलं, बाई, मले शिकव. आम्रपाली मेडिकल स्टोअरमध्ये काम करते, दिवसभर औषधांची अवघड नावं लिहिते. तिनं हो म्हटलं आणि मी ओसरीच्या भिंतीवर चढलो.

एकट्या भाऊरावांसाठी सुरू झालेलं काम गल्लीत पसरलं. रविवारी विहारातली वंदना आटोपली की माणसं इकडे वळत. जय भीम म्हणत, चपला काढत, सतरंजीवर बसत. सगळी चाळिशीच्या पुढची. गुडघे दुखणारी, चष्मा विसरून येणारी. घरातल्या पोरांसमोर तोंड उघडलं तर पोरं हसतात, म्हणून इथे येणारी.

आम्रपालीनं त्यांना पाठांतर कधी करायला लावलं नाही. तिची पद्धत निराळी होती. शब्दात जे अडतं, ते आपल्या घरातल्या, कामातल्या गोष्टीला बांधून टाकायचं. व्हॅक्युममध्ये दोन यू कसे लक्षात ठेवायचे? व्हॅक्युम म्हणजे रिकामं. यू दिसतो वाटीसारखा. दोन वाट्या, दोन्ही रिकाम्या. मेंटेनन्सच्या पोटात टेन असतो, कारण दुसरी पाळी दहाला सुटते. आणि गेज, म्हणजे दाब दाखवणारा काटा, जे प्रत्येक मशीनवर असतं पण लिहिताना कोणालाच येत नाही, त्यासाठी एकेका अक्षराला एक असे पाच भाऊ एका रांगेत उभे केले: गौतम, आनंद, उत्तम, पुन्हा गौतम, एकनाथ.

"एका घरात दोन गौतम कसे काय, ताई?" क्रेनवर हेल्परचं काम करणाऱ्या नत्थूनं विचारलं होतं.

"एक मोठ्या बायकोचा, एक लहानीचा," रुक्मा मागून म्हणाली. "तुया घरासारखं."

सतरंजीवरचे सगळे हसले, नत्थू सगळ्यांत जास्त. ते हसणं मला आवडायचं. हसण्याहसण्यात फरक असतो.

रुक्मा रसमड्याच्या एका गोदामात ठेकेदाराकडे माल उचलते. कंबर गेलेली. मुकादमानं तिला सांगितलं होतं, स्टोअरमध्ये जागा होणार आहे, खोक्यांवर सामानाची नावं इंग्रजीत लिहिता आली तर तुला आत बसवतो. आत म्हणजे पंख्याखाली, स्टुलावर. ओझं नाही. यासाठी ती येत होती. घरी मात्र तिनं सांगितलं होतं की विहारात महिला मंडळाची बैठक असते. तिची मुलगी करिष्मा कॉलेजात शिकते. शाळेत असताना पालकांच्या मीटिंगला तिनं एकदा आईला म्हटलं होतं, तू मत आ. त्यानंतर रुक्मानं मुलीसमोर कधी पेन उचललं नाही.

आता आमच्या ओसरीचा एक नियम सांगतो, कारण सगळं त्यावरूनच घडलं. माझ्यावर कोणाचा शब्द चुकला तर दुसऱ्यानं तो पुसायचा नाही आणि सांगायचाही नाही. चुकलेला शब्द तसाच राहणार. लिहिणारा स्वतः चूक शोधणार, स्वतःच्या हातानं पुसणार. आम्रपालीचं म्हणणं असं की जी चूक आपण शोधतो ती परत होत नाही. म्हणून आठवडाभर माझ्या अंगावर चुका असत, उघड्या ओसरीत, रस्त्याला तोंड करून. गल्लीला सवय होती. कोणी थांबून बघत नसे. फक्त रुक्मा कामावरून येताना थांबायची, डबा काखेत धरून माझ्याकडे डोळे बारीक करून पाहायची आणि ओठांत पुटपुटत घरी जायची.

त्या आठवड्यात तिचा हायड्रॉलिक अडला होता. ऐकू येतो तसा लिहिला होता, वाय सोडून. आणि भाऊरावांचा पुतण्या प्रफुल पुण्याहून आला होता. इंजिनिअर आहे. रविवारी तो सतरंजीच्या कडेला बसला, सगळ्यांच्या पाया पडला. चहाची पाळी रुक्माची होती. त्यानं तिच्या हातचा चहा घेतला, अद्रक जास्त आहे पण मस्त आहे म्हणाला. सगळे गेल्यावर त्यानं मोबाइल काढला, माझा फोटो घेतला आणि त्याखाली 'कॅम्प-1 युनिव्हर्सिटी' असं लिहून गल्लीतल्या पोरापोरींच्या ग्रुपवर टाकला.

मला हात असते तर. पण नाहीत.

दुसऱ्या रविवारी रुक्मा आली, पण बसली नाही. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"मी आता येणार नाही, ताई. मुकादमालेही नाही म्हणून देल्लं."

आम्रपालीनं कारण विचारलं.

"घरी पोट्टीनं मोबाइल दाखवला. म्हणे, आई, ये देख, कैसे कैसे लोग हैं. हासून हासून डोये भरले तिचे. मी बी हासली. काय करू?"

"तुमचं आहे म्हणून सांगितलं नाही तिले?"

"कावून सांगू? तिनं माहं अक्षर कधी पायलंच नाही."

प्रफुल आतल्या खोलीत होता. भाऊरावांनी त्याला बाहेर बोलावलं. तो आला, मान खाली. मावशी, मजाक था, डिलीट कर दिया, म्हणाला. त्याचा आवाज खरा होता, हे मी कबूल करतो. पण मला त्याची दया आली नाही.

"तू हासला त्याचं काही नाही, बापू," रुक्मा म्हणाली. "चहा पिऊन हासला."

ती गेली. भाऊरावांनी पुतण्याला एवढंच सांगितलं की पुन्हा आलास तर विहारात उतर, माझ्या घरी नको. सख्ख्या भावाच्या मुलाला. त्या दिवशी माझ्यावर कोणी काही लिहिलं नाही.

मला राग एकट्या प्रफुलचा नाही. त्या फोटोखाली हसणारे चेहरे टाकणारे सगळे याच गल्लीतले. ज्यांच्या फीसाठी बाया ओझी उचलतात, ज्यांच्या शाळेच्या वर्दीची इस्त्री बापानं पाळीवरून येऊन केली, ते. इंग्रजी त्यांना फुकट मिळालं नाही. त्याचा हिशेब कोणाच्या तरी कमरेत दुखतो. आणि तेच मान वर करून विचारतात, कैसे कैसे लोग.

स्टोअरची जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. रुक्मा अजून माल उचलते.

करिष्माला कळलं ते आम्रपालीमुळे. एका संध्याकाळी ती ओसरीसमोरून जात होती. आम्रपालीनं तिला हाक मारली आणि माझ्याकडे बोट दाखवून एवढंच विचारलं, हे कोणाच्या हातचं आहे माहीत आहे? ती मुलगी हसत हसत जवळ आली. तुझ्या आईच्या, असं आम्रपालीनं सांगितलं तेव्हा हळूहळू तिचं हसू उतरलं. तो शब्द अजून तसाच होता. तिनं ओढणीचं टोक हातात घेतलं आणि पुसायला माझ्याकडे वळली.

"ते तुझं नाही," आम्रपाली म्हणाली. "राहू दे."

पुढच्या रविवारी करिष्मा आली आणि सतरंजीच्या एका टोकाला, चपलांजवळ बसली. तिला पाहून नत्थू सरकून दूर बसला. जय भीमसुद्धा कोणी म्हटलं नाही. रुक्मा उशिरा आली. मुलीनं घरी काय सांगितलं, कसं आणलं, मला माहीत नाही. रुक्मा आत आली, मुलीकडे पाहिलं नाही, सरळ माझ्यापुढे उभी राहिली. वाय राहिला होता हे तिनं स्वतःच ओळखलं आणि आपला जुना शब्द तळहातानं पुसला. मग आम्रपालीनं तिला वाय लक्षात ठेवायची खूण सांगितली: दोन पाइप वरून येतात, एका पाइपात मिळतात, खाली दाब जातो. रुक्मानं मान हलवली आणि खडू घेतला.

खडूचा एकेक ठोका माझ्या पत्र्यात घुमत होता. वाय बरोबर आला. पण पुढे घाईत दोन अक्षरं इकडची तिकडे झाली. तिला ते कळलं. ती पुसू शकत होती. तिनं पुसलं नाही. खडू तसाच हातात धरून मुलीकडे वळली.

"चुकलं," ती म्हणाली. "हास आता."

करिष्माची मान वर आली नाही. आईच्या नजरेसमोर ती तशीच बसून राहिली आणि रुक्मानं नजर काढून घेतली नाही. मला वाटलं, आता कोणीतरी मध्ये बोलेल, सांभाळून घेईल. आमच्या ओसरीतली माणसं मायाळू आहेत. पण त्या दिवशी कोणी सांभाळून घेतलं नाही, आणि मला बरं वाटलं.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याही घरात असं कोणीतरी असेल, जे तुम्ही बाहेर गेल्यावर कागद काढतं आणि तुमची चाहूल लागताच उशीखाली सरकवतं. त्याला शिकवा असंही मी म्हणत नाही, तेवढा धीर तुमच्यात नसेल. हसायचंच असेल तर मोबाइलमध्ये तोंड घालून हसू नका. इथे या, माझ्यासमोर उभे राहा, ज्याच्या हातात खडू आहे त्याच्या डोळ्यांत पाहा, आणि मग हसून दाखवा.