पाण्यालाच विचारू

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक खाडी डोळ्यांपुढे आणा. दुबईच्या उंच इमारती मागे टाकत गाडी बरीच पुढे गेली, की उम्म अल कुवेनला ती लागते. काठाला तिवरांची दाट झाडी, उथळ पाण्यात एका पायावर उभे बगळे, आणि नुकतंच उजाडलेलं. दिसली?

आता त्या काठावर शेनॉनला उभी करा. तिला आज स्वतःच्या गळाला मासा लागायला हवा होता, तोही आल्बर्ट आजोबांच्या देखत. आजोबा उद्याच विमानाने वसईला परतणार होते.

आजोबा मात्र निर्धास्त होते. "आज दशमी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. साडेसातला खाडी तुडुंब! पाण्याबरोबर मासाही आत येणार."

पण पाणी चढेचना. उलट काठचे खडक एकेक करून डोकं वर काढू लागले.

"पप्पा," शेनॉनचा बाबा जेसन हसू दाबत म्हणाला, "इथल्या समुद्राला वसईची तिथी कोणी कळवली नाही वाटतं!"

"गप रे!" म्हणता म्हणता आजोबांनाच हसू फुटलं. "प्रत्येक किनाऱ्याची वेळ निराळी. विसरलोच की मी!"

"सो, नो फिश?" शेनॉनचा चेहरा उतरला.

"अगं, मासा कुठे पळाला नाही. पाणी फिरलं तशी त्याने जागा बदलली. कुठली, ते पाण्यालाच विचारू."

त्यांनी तिच्या हातावर खुबूसचा, म्हणजे तिथल्या रोटीचा, तुकडा ठेवला. तिने तो फेकला. तुकडा ओहोटीबरोबर भराभर निघाला, एका मोठ्या खडकापाशी पोचला आणि त्याच्या आडोशाला गोल गोल फिरू लागला.

"लुक, इट्स डान्सिंग!"

"तीच त्याची जागा! मासा धावत्या पाण्यात उगाच दमत नाही. आडोशाला संथ पाण्यात बसतो, प्रवाहाकडे तोंड करून. खाणं वाहत आलं की गट्टम! तुझा बाबा सोफ्यावर बसून पिझ्झाची वाट बघतो ना, तस्सा."

"पप्पा!" जेसन ओरडला.

शेनॉनने गळाला कोळंबी लावून फेकली. ती पडली खडकावर. पुन्हा फेकली, ती प्रवाहाने पार लांब नेली.

"खडकाच्या जरा वरच्या अंगाला, पाणी येतंय त्या बाजूला टाक," आजोबा म्हणाले. "पुढचं काम पाण्याला करू दे."

या वेळी कोळंबी वाहत वाहत आली, आडोशाकडे वळली, आणि दोरी अशी ताणली गेली की शेनॉन किंचाळलीच. "आजोबा! आजोबा!"

"ओढू नको एकदम! गुंडाळ, हळूहळू... यल्ला, चल चल!"

चांदीसारखा चमचमता शेरी मासा काठावर उड्या मारू लागला. जेसनने फोटोसाठी मोबाइल काढला. आजोबा तर टाळ्या पिटत होते. त्यांच्याकडे बघताना शेनॉनच्या लक्षात आलं, की सकाळपासून त्यांनी स्वतःचा गळ पाण्यात टाकलाच नव्हता.

तिने मासा बादलीत सोडला, आजोबांचा हात धरून त्यांना आपल्या जागेवर आणून उभं केलं आणि त्यांची गळाची काठी त्यांच्या हातात दिली.

"नाऊ युवर टर्न," ती म्हणाली, आणि त्यांच्या गळाला कोळंबी लावायला खाली बसली.