सरांची कंबर

“टेलर, पँट पुन्हा घट्ट! बटणच लागेना!” ड्रॉइंगचे सर दुकानात शिरले ते लॉटरी लागल्यासारखे.

टेलरने मशीनवरून मान वर केली नाही. गेल्याच आठवड्यात त्याने ती कंबर सैल करून दिली होती. म्हणजे, हवी त्यापेक्षा अर्धा इंच कमी. मुद्दाम.

दोघांनाही क्रोन्सचा आजार. ओळख पोटाच्या डॉक्टरांच्या बाकावरची. आतड्याला तीच सूज, तीच कळ, कुणाच्याही घरी गेल्यावर आधी संडास कुठे ते हेरण्याची तीच सवय. पण टेलर मऊ भात आणि उकडलेला बटाटा खाऊन वाळत चालला होता, आणि सर काकडी सालासकट चावून बाळसं धरत होते. डॉक्टर म्हणत, प्रत्येकाचं आतडं वेगळं. टेलरचं मत असं, की रोगातसुद्धा वशिला चालतो. सख्ख्या भावाने घर बांधलं तेव्हाही तो इतका जळला नव्हता.

“औषधाचा गुण,” तो म्हणाला. “दुसरं काय.”

“औषध कसलं! कालपासून गोळ्या बंद. आठवड्यात एवढी कंबर वाढली, म्हणजे रोग गेलाच की हो!”

मशीन थांबलं. बरं वाटतंय म्हणून टेलरनेही एकदा गोळ्या सोडल्या होत्या. वीतभर आतडं कापावं लागलं.

गप्प बसायला काहीच लागत नव्हतं. सर आपोआप डॉक्टरांच्या बाकावर परतले असते, त्याच्याच शेजारी, त्याच्याइतकेच वाळून. क्षणभर टेलरला तो विचार फार गोड लागला.

“सर, आठवड्यात काही वाढली नाही. मीच कमी उसवली.”

“चुकून?”

“जळून.”

सर स्टुलावर बसले. चेहरा एवढासा झाला.

“म्हणजे मी जाड झालोच नाही?”

“झालात ना. पहिल्या मापापेक्षा दोन इंच.” हे सांगणं टेलरच्या अगदी जिवावर आलं. “पण गोळ्यांनी झालात. आधी डॉक्टरांना फोन लावा, कालची गोळी चुकलीय म्हणावं. मग उभे राहा.”

“भलते आहात हो तुम्ही,” सर म्हणाले. पण फोन लावला. मग उठून उभे राहिले, पोट आत खेचून.

“ओढू नका,” टेलर म्हणाला. टेप कमरेभोवती फिरवून त्याने आत दोन बोटं घातली, आणि सर श्वास सोडेपर्यंत ती तशीच सैल धरून ठेवली.