वसुअक्काची सोंड

वसुअक्का चिडली की राजवाड्यावरची कबुतरं उठून पार नदीपलीकडच्या गावी, तिरुवैयारूला, जाऊन बसतात, हे मी स्वतः पाहिलंय. हवं तर दोनचार कबुतरं कमी धरा. पण तिच्या नव्या घराच्या गृहप्रवेशाला ती चिडली, तशी मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

घर तिनं बांधलं, पण त्याला घरपण दिलं सुब्रमण्यम आसारीनं. आसारी म्हणजे आमच्याकडचा सुतार, आणि हा तर वीणा घडवणाऱ्या घरातला. त्यानं केलेला सागवानी जिना असा, की लाकडात लाकूड बसवलेलं, खिळा औषधाला नाही. एक मुंगी म्हणे सांध्यात शिरायला फट शोधत निघाली, ती शोधत शोधत कुंभकोणमला पोचली. पण खरी करामत जिन्याला लागून होती. फणसाच्या लाकडाची घसरगुंडी, थेट हत्तीची सोंड! वर गंडस्थळ आणि सुपाएवढे कान. मग सोंड वळत वळत खाली यायची आणि टोकाशी अलगद उचलायची, उतरणाऱ्याला हात देऊन उभं केल्यासारखी. सुरकुत्या कोरल्या त्या बाहेरून. आतून मात्र वीणेच्या दांडीसारखी गुळगुळीत.

नातवंडांसाठी असेल म्हणाल, तर अक्काला नातवंड नाही. ती तिनं स्वतःसाठी करवली होती.

देवळाच्या पायऱ्यांशेजारच्या दगडी सोंडांवरून आम्ही सगळे पोरगे घसरत मोठे झालो. वसू खाली उभी राहून आमच्या चपला सांभाळायची. मुलीनं सोंडेवर बसायचं नाही, असं तिच्या आप्पांनी सांगितलं होतं. तो राग तिनं कैरीच्या लोणच्यासारखा मुरवला. आता तिचे गुडघे चढताना कुरकुरत नाहीत, उतरताना रडतात. तिनं आसारीला बोलावून सांगितलं, "मला उतरायला सोंड करून दे."

जेवणाआधी ती पहिल्यांदा घसरणार होती. पण त्याआधी आली तिची नणंद, राजम. केळीच्या घडाचा दांडा वाकडा दिसला तरी हात जोडणारी बाई. समोर एवढी सोंड बघून ती गप्प बसते होय! तिनं गंडस्थळाला हळदकुंकू लावलं, दूर्वा वाहिल्या, टोकावर कापूर पेटवला. बघता बघता बायकांची रांग लागली. अक्का स्वयंपाकघरातून बाहेर येते तो सोंड लालभडक, गळ्यात झेंडूचा हार.

"हे काय?"

"वैनी, तुझ्या घरी गणपती येऊन बसला!"

"तो बसला? मग मी कोठे बसू?"

तिचा मुलगा मुरली बँकेत साहेब आहे. तो हलक्या आवाजात म्हणाला, "अम्मा, आता त्याच्यावर कसं बसणार? लोक काय म्हणतील? किती सुंदर काम आहे, नुसतं बघत राहावं असं."

"नुसतं बघत? जन्मभर नुसतं बघतच आलीये मी!"

तेवढ्यात आसारीला कापराचा काळा डाग दिसला. खांद्यावरचं तुंडू, म्हणजे पंचा, ओढून तो डाग पुसायला धावला आणि तमिळमध्ये असा कडाडला, की भटजींचा मंत्र चुकला. "पॉलिशवर कापूर? वीणेवर निखारा ठेवाल का कोणी? आणि हा गणपती नव्हे! गणपती करायचा असला तर मी सांगून करतो!"

राजमनं कानांवर हात ठेवले. "अपचार, अपचार!"

आता हे मिटवणार कोण? मीच. मी खाकरलो. "अहो, जुन्या राजांच्या वेळची चालच आहे ही. यजमानीण सोंडेवरून उतरल्याखेरीज गृहप्रवेश पुरा होत नाही. माझी पणजी तर जिवंत हत्तीच्या सोंडेवरून उतरली, हातातल्या सांबाराचा थेंब न सांडता."

बायका माना डोलवू लागल्या. राजम म्हणाली, "उजवीकडून बसायचं का डावीकडून?" मुरलीचा चेहरा उजळला. "शास्त्रच आहे म्हणजे! मग बस अम्मा, काही हरकत नाही."

झालं, म्हणून मी जेवणाच्या पानाकडे वळलो. अक्का माझ्याकडे वळली.

"शेषाद्री, तोंड मीट! आप्पांनी नको म्हटलं तेव्हा शास्त्र. आता बस म्हणायलाही शास्त्रच? मला घसरायचंय, म्हणून मी घसरणार. चाल नाही, व्रत नाही, तुझी ती मेली पणजीही नाही!"

तिनं हार उतरवून मुरलीच्या गळ्यात टाकला. पदर ओला करून सगळं कुंकू पुसून काढलं. नव्या रेशमी लुगड्याचा पदर लाल झाला, तिनं ढुंकून पाहिलं नाही. "देव देवघरात आहे. ही माझी वाट आहे." राजम रडू लागली. भटजी बाहेर जाऊन उभे राहिले. अक्का पाय आपटत जिना चढली. पण आसारीचा जिना तो, वाजेल तर शपथ! त्याचा तिला आणखीच राग आला.

वर पोचून तिनं पायांतल्या, डॉक्टरांनी सांगितलेल्या मऊ चपला काढल्या आणि नेम धरून माझ्या अंगावर फेकल्या.

"धर! सांभाळ!"

आणि ती निघाली. गुळगुळीत फणस, त्यावर कांचीचं रेशीम. वाऱ्यानं समई विझली, मुरलीच्या गळ्यातला हार उडून पंख्याला अडकला. खोटं वाटत असेल तर पंखा बघून या. टोकाशी सोंडेनं तिला अलगद उचललं आणि आसारीच्या समोर उभं केलं. आसारीनं आधी खाली वाकून तो काळा डाग बघितला, मग तिच्याकडे.

आता हसेल, असं आम्हां सगळ्यांना वाटलं. तिच्या कपाळावरची आठी तशीच होती.

"एवढंसंच होतं," ती म्हणाली, "आणि एवढ्याशाला नको म्हणाले!"

ती पुन्हा जिना चढू लागली. पानं वाढून झाली होती. मी चपला धरून उभा होतो.