नमुन्याची खुर्ची

"अजून बारीक," धाकटा म्हणाला. "पाय बोटाएवढा दिसला पाहिजे."

"कुणाच्या बोटाएवढा? तुझ्या की माझ्या?" थोरल्याने हातातला रंधा थांबवला नाही.

"दादा, वाद नको. चित्रात आहे तशी कर. आठ दिवसांनी मॅडम येतायत."

दोघे सख्खे भाऊ. वडिलांच्या माघारी कारखाना एकच राहिला, तोंडं मात्र दोन दिशांना झाली. थोरला मागच्या शेडमध्ये लाकूडकाम करायचा, धाकटा पुढच्या काचेच्या दालनात माल विकायचा. मधल्या दारातून वर्षभर फक्त मापं आणि टोमणे ये-जा करत होते.

चित्रातल्या खुर्चीला हात नव्हते, नक्षी नव्हती, पाय एकमेकांना जोडणारे आडवे दांडेही नव्हते. चार काड्या, वर पातळ बैठक, मागे एक पट्टी.

"नव्या घरांत लोकांना भरगच्च काही नको असतं," धाकटा म्हणाला. "खोली मोकळी दिसली पाहिजे. खुर्ची असून नसल्यासारखी वाटली पाहिजे."

"मग तुझं डोकं ठेव की दालनात. तेही तसंच आहे."

"तुझ्या त्या धिप्पाड खुर्च्या तीन वर्षं धूळ खातायत. त्यांच्यावर बसायला तरी कोणी येतं का बघ आधी."

हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं. थोरला गप्प झाला. आणि तो रागाने गप्प झाला की काम फार चांगलं करायचा.

खुर्ची सहसा पायाच्या मध्यावर मोडत नाही. माणूस मागे रेलला की सगळा जोर येतो तो मागचा पाय आणि बैठकीची पट्टी जिथे मिळतात त्या सांध्यावर. खाली आडवे दांडे असले तर ते थोडा भार वाटून घेतात. इथे ते नव्हतेच. म्हणून थोरल्याने अख्खा ढीग उपसून चार लाकडं निवडली. त्यांच्या रेषा वरपासून खालपर्यंत सरळ, एकही गाठ नाही. पट्टीच्या टोकाला त्याने लांब जीभ काढली. सुतार तिला कुसू म्हणतात. ती पायातल्या खाचेत ठोकताना पाचर आत शिरून जीभ आतल्या आत फुगेल अशी युक्ती केली. बाहेरून काही दिसत नव्हतं. अशा दहा-बारा खुर्च्या करायच्या असतील, असं त्याला वाटलं होतं. हळूहळू जमल्या असत्या.

ठरल्या दिवशी मॅडम आल्या. त्यांची बावीस दुकानं होती. त्या खुर्चीवर बसल्या आणि सगळेच करतात तेच त्यांनी केलं. मागे रेलून पुढचे दोन पाय हवेत उचलले. खुर्चीने हूं की चूं केलं नाही.

"कमाल आहे. अशाच चारशे मिळतील?"

"महिनाभरात," धाकटा म्हणाला. "यंत्रावर करून घेतो. पाय कापून येतात, लाकडी खुंट्यांनी जोडायचे, फेव्हिकॉल लावायचा. झालं."

थोरला पॉलिशचं फडकं हातात घेऊन दारात उभा होता. यंत्राची गोष्ट तो पहिल्यांदाच ऐकत होता.

"खुंट्यांनी? एवढ्याशा पायाला दोन-दोन भोकं पाडल्यावर उरणार काय त्यात?"

"दादा, तू आत जा."

"मॅडम, तुम्ही जिच्यावर रेलून बसलात ना, ती तुम्हाला मिळणारच नाहीये."

"लक्ष देऊ नका मॅडम. आमचा दादा जुन्या वळणाचा आहे. खुर्ची म्हणजे त्याला पलंगच वाटतो."

थोरला आत निघून गेला. धाकट्याने सुटकेचा निःश्वास टाकला. पण थोरला परत आला तो करवत घेऊन.

"मॅडम, जरा उठता?"

त्या उठल्या. त्याने खुर्ची जमिनीवर आडवी केली आणि मागच्या पायावर गुडघा ठेवला.

"दादा, करवत लावलीस तर आपला संबंध संपला."

"तो कधीचाच संपलाय. आता खुर्चीचं बोलू."

आठ दिवसांचं काम चार मिनिटांत चिरलं गेलं. थोरल्याने सांधा उभा चिरून अर्धा भाग पायासकट मॅडमच्या हातात दिला.

"ही जीभ बघा. आत ही पाचर. एका सांध्याला माझा अर्धा दिवस जातो. यंत्र असलं काही करत नाही. तुमच्या चारशे खुर्च्या बाहेरून हुबेहूब अशाच दिसतील. मग कुणीतरी जेवण झाल्यावर सुखाने मागे रेलेल आणि पाठीवर आपटेल."

मॅडमनी त्या सांध्यावरून बोट फिरवलं. बराच वेळ त्या तो तुकडा उजेडात धरून पाहत राहिल्या.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण मिस्त्री, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला हे दिसतं का?"

"नाही."

"मग?"

त्यांनी तुकडा टेबलावर ठेवला आणि धाकट्याकडे वळल्या. "पाय एखादं सूत जाड करा. पण चारशे महिनाभरातच हव्यात."

त्यांना गाडीपर्यंत सोडून धाकटा परत आला. आल्या आल्या त्याने खुर्ची उचलून भिंतीला टेकवून उभी केली.

"उद्यापासून येऊ नकोस."

"शेड बाबांची आहे."

"मग बस शेडमध्ये. लाकूड येणार नाही."

धाकटा निघून गेला. थोरल्याने फरशीवरचा भुसा झाडला, टेबलावरचा तुकडा पुसला आणि पटाशा फडक्यात गुंडाळून पिशवीत भरल्या. जाता जाता त्याने दालनात एक नजर टाकली. खुर्ची तीन पायांवर उभी होती. लांबून काही कळत नव्हतं. उलट, आता ती आणखीच हलकी दिसत होती.

त्याने पिशवी दारात ठेवली, परत आत आला आणि कुणी चुकून बसू नये म्हणून खुर्ची हळूच आडवी करून ठेवली.