अर्जातून गाळलेला परिच्छेद

या, असे जवळ सरकून बसा. मांडी मोडलीत तरी चालेल, कान मात्र इकडे असू द्या. गोष्ट एका वकीलबाईची आहे. दुसऱ्यासाठी भांडताना जिची जीभ कधी अडखळली नाही, तिला स्वतःबद्दल चार ओळी लिहिताना घाम फुटला.

घरात तिला धाकटी म्हणत. ज्या वकिलांच्या हाताखाली ती शिकली, त्यांनी तब्येतीपायी कचेरी बंद केली आणि धाकटी रिकामी झाली. गावातल्या एका नावाजलेल्या कचेरीत कौटुंबिक दाव्यांसाठी वकील हवा होता. ही जागा हुकली, तर काळा कोट कपाटात टांगायचा आणि ताईच्या शिवणाच्या दुकानात काजं-बटणं करायची, असं तिने मनाशी ठरवलं होतं. त्यामुळे जीव थाऱ्यावर नव्हता. लिहायची, उठायची, खिडकीपर्यंत जायची, येऊन लिहिलेलं खोडायची.

ताई तोंडात टाचण्या धरून बोलणारी. तिने बायोडेटा वाचला.

"मेहनती, प्रामाणिक, वेळ पाळणारी. अगं, हे शेजारच्यांच्या कुत्र्यालाही लागू आहे! तू केलंस काय, ते लिही की."

"केलं ते सगळं सरांच्या नावावर आहे, ताई. मसुदा माझा, सही त्यांची."

"एखादं तरी तुझं असेल. आपली टिमकी आपणच वाजवावी लागते, बाई. दुसऱ्याला काय पडलंय?"

एक होतं. सर आजारी असताना मुलाच्या ताब्याचं एक प्रकरण धाकटीने एकटीने निभावलं होतं. अर्जासोबतच्या पत्रात तिने ते लिहिलं. मुलाची आई तिची अशील; त्या बाईचं नाव घातलं नाही. बाकी हकिकत मात्र अशी रंगवली की दगडालाही पाझर फुटावा. त्या परिच्छेदात काय होतं, ते मी सांगणार नाही. का, ते कळेलच.

पाकीट कचेरीत देऊन आली आणि शाबासकीच्या आशेने तिने पत्राची नक्कल ताईपुढे धरली. ताईने मशीन थांबवलं. वाचता वाचता तिचे डोळे भरून आले.

"काय लिहिलंयस गं! आणि कपडे टाकायला येते, तेव्हा बिचारीच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही."

"कोण?"

"कोण काय? हीच ना ती?" आणि ताईने नाव घेतलं. आडनावासकट.

नाव बरोबर होतं. 'हे मी माझ्या आईलाही सांगितलेलं नाही,' असं ती बाई तिच्यासमोर बसून म्हणाली होती, आणि धाकटीने मान डोलावली होती. ताईला ओळखता आलं, तर कचेरीतल्या दहा तोंडांना का येणार नाही?

"ताई, जे वाचलंस ते गिळून टाक."

"तोंडात टाचण्या असताना गिळ म्हणू नकोस. नाही सांगत कुणाला. तू पळ!"

पायात चपला धड अडकवल्या नव्हत्या, तशीच ती धावली. कारकून पाकिटांना दोरी बांधत होता.

"माझं पाकीट परत द्या."

"परत नेलंत की अर्ज रद्द. आज शेवटचा दिवस आहे, मॅडम."

"रद्द करा. आणि एक कोरा कागद द्या."

"इथे बसून लिहिणार? लोक महिना महिना घासतात हो!"

"मीही घासलंच होतं," ती म्हणाली आणि जुनं पत्र टराटरा फाडून बाकावर बसली. मुद्द्याचं तेवढंच लिहिलं: नवरा-बायकोला समोरासमोर बसवण्याआधी दोघांशी वेगवेगळं बोलते. मुलाच्या भेटीचे वार, शाळेच्या सुट्ट्या, आजारपणात कोणी काय करायचं, हे कलमवार लिहून घेते, म्हणजे पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. अशिलांच्या हकिकती त्यांच्या आहेत, म्हणून इथे दिलेल्या नाहीत.

एवढ्यात मोठे वकील बाहेर आले. त्यांनी उभ्याउभ्याच कागद वाचला.

"ताब्याचं प्रकरण केलंत? काय होतं? अगदी थोडक्यात सांगा."

"थोडक्यातही नाही सांगता येणार, सर."

"अहो, इथे सगळे वकीलच आहेत."

"हो सर. पण तिची वकील मी एकटीच."

मोठ्या वकिलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "कळवतो," म्हणाले आणि आत गेले.

अजून कळवलेलं नाही. फोन वाजला की धाकटी दचकते. नाही वाजला की तो उचलून बघते. दुसरीकडेही अर्ज धाडलेत, त्याच साध्या ओळींचे.

परवा ती बाई दुकानात आली, मुलाचा हात धरून. धाकटीने ताईकडे पाहिलं. एरवी ताईच्या जिभेला हाड नाही, पण त्या दिवशी तिने कपड्यांची घडी हातात दिली, "उकाडा फार वाढलाय, नाही?" एवढंच बोलली. बाई हसली. पोर दारातली पायरी उडी मारून उतरलं आणि दोघं निघून गेली.

तर मंडळी, देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या माउलीची आठवण ठेवा. नाव मला विचारू नका. देवाला तिचं घर ठाऊक आहे.