खाटेची जागा

भाड्याच्या खोल्यांचा एजंट मुज्तबाने फोन पश्चिमेच्या भिंतीसमोर धरला आणि तिसऱ्यांदा माप घेतलं. स्क्रीनवर पांढरी रेघ उमटली.

"साडेसहा फुटाची खाट, आठ फूट भिंत. मावशी, बसते म्हणजे बसते."

"बसतीय रं बाबा," मुखेडच्या केवळाबाई म्हणाल्या. "पर न्हाई जमत."

मुज्तबाच्या नाकी नऊ आले होते. दोन दिवसांत हे सहावं घर. टॉर्च मारून कोपरान् कोपरा दाखवला, कुठं ओल नव्हती. लातूरच्या लेकीला व्हिडिओ कॉलवर न्हाणीसुद्धा फिरवून आणली. नमाजाची दिशा, किब्ला, बघायला फोनात ठेवलेल्या होकायंत्रावर दिशा सांगितल्या. फोन तापला, पण बाईंचं समाधान होईना. उद्या त्यांच्या नवऱ्याला, ग्यानोबांना, दवाखान्यातून सोडणार होते. अर्धांगवायूचा माणूस, रोज व्यायामाला न्यायचं. दवाखाना गल्लीच्या टोकाला, वाटेत एक पायरी नाही. अख्ख्या नांदेडात याहून सोयीची खोली कुठून आणायची?

"अडचण तरी सांगा. दोन दिवसांपासून फिरून राहिलो ना मी! आता काय भिंत सरकवू?"

केवळाबाई पदर सावरून खाटेच्या जागेशेजारी फरशीवर आडव्या झाल्या आणि हात वर करून हवेत चाचपडू लागल्या.

"वाचा गेलीय त्यांची. रातच्याला पानी लागलं, कूस बदलायची झाली, की डाव्या हातानं मला हलवत्यात. तेवढाच हात चालतोय."

मुज्तबाने भिंतीकडे पाहिलं. उशी दक्षिणेला केली, तर तो डावा हात भिंतीकडे जात होता. खाट पुढे ओढली, तर दार उघडणार नव्हतं. समोरच्या भिंतीला तर दोन दारं, आणि उरलेल्या दोन भिंती जेमतेम सहा फुटी. त्याला स्वतःच्या आवाजाची लाज वाटली. फोन खिशात टाकून तो खाली बसला.

"उशी उत्तरेला केली तर हात तुमच्याकडं येतो," तो चाचरत म्हणाला. "पण तुमच्यात तसं..."

"न्हाई निजवत. मुडद्याला निजवत्यात तसं. पाय दक्षिणेला, यमाच्या दिशेला व्हत्यात."

मग पडल्या पडल्याच त्यांनी उत्तरेच्या कोपऱ्याकडे हात केला.

"करा उशी तिकडंच," त्या म्हणाल्या. "यम आला तर येऊ द्या. आधी मला वलांडावं लागंल त्याला."