खालची कवळी

आमच्या रामघाटावरच्या पंगतीत एक रीत आहे. सगळ्यात थोरला उठल्याशिवाय कुणी पानावरून उठायचं नाही. मी जन्मभर दुसऱ्यांच्या चुलीपुढे पोळ्या लाटल्या. पण माझ्याहून थोरले एकेक करून मणिकर्णिकेच्या चितेवर गेले आणि पहिलं पान माझं झालं.

तोवर दात गेले होते. वरची कवळी टाळूला चिकटून बसायची. खालचीला धरायला काही नव्हतंच, जीभ हलली की नावेसारखी डुलायची. माझा घास होईपर्यंत बाकीच्यांचे हात वाळायचे. शेजारी बसणारा गोपीनाथ म्हणायचा, "काका, गंगेचा पूर ओसरला, तुमचा घास काही ओसरेना." मीही हसायचो.

मग एकदा ती निसटून कढीच्या वाटीत पडली आणि कुणीच हसलं नाही. ते लागलं मला. तेव्हापासून पंगतीत न बसता डबा भरून घरी न्यायला लागलो. बायको, इंदू, गेल्यापासून घरात होतं कोण? भिंतीकडे तोंड करून भात गिळायचा, भांडं विसळायचं.

गावातल्या लंका मोहल्ल्यात दातांची नवी डॉक्टरीण आली होती, देवश्री, मुंबईला शिकलेली. म्हणाली, आजोबा, खालच्या जबड्यात दोन स्क्रू बसवू, हाडानं ते धरले की कवळी त्यांच्यावर बटणासारखी बसेल. मला वाटलं, पोरगी पागल आहे. भिंतीत खुंटी ठोकतात तशी माणसाच्या हाडात? पण पंगत मनातून जात नव्हती. बसवले. गाल सुजला, उतरला. होळीपासून पावसाळ्यापर्यंत हाड धरायची वाट बघितली. मग तिनं कवळी वर ठेवून दाबली, टक् झालं. जिभेनं ढकलून बघितली, हलेना.

अनंत चतुर्दशीला पंगतीत जाऊन बसलो. पापड असा कुडकुडला की पलीकडच्या रांगेतल्यांनी माना वळवल्या. वरण, भात, पुरणपोळी, सगळं उरकलं. बघतो तर माझं पान साफ आणि गोपीनाथ अजून भातावर.

हळूहळू त्यांचीही पानं संपली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठलो की हे हात धुणार, आपापल्या घरी जाणार, आणि मी माझं कुलूप काढणार.

नाही उठलो. तोंडात काही नव्हतं, तरी चावत बसलो.

गोपीनाथ वाकला. "काका, अजून हलते का हो?"

"हलते जरा."

पापड त्यानंही ऐकला होता. माझ्या तोंडाकडे बघितलं त्यानं. मग त्यानं मांडी नीट घातली आणि वाढप्याला हाक मारून सगळ्यांना परत ताक वाढायला सांगितलं.